कनिष्क, कॉर्क आणि पुराव्याचा प्रवास

या उन्हाळ्यात तुमच्यापैकी कुणी वेस्ट कॉर्कला फिरायला येणार असेल, तर एक थांबा सुचवते. शीप्स हेड द्वीपकल्पाच्या दक्षिण किनाऱ्यावर अहाकिस्ता नावाचं छोटंसं गाव आहे. कॉर्क शहरातून गाडीनं दोनेक तास लागतात. शेवटचा रस्ता अरुंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यावं लागतं. गावाबाहेर समुद्राकडे तोंड करून एक दगडी सूर्यघड्याळ उभं आहे, आणि तिथे मृतांची नावं कोरलेली आहेत. आयर्लंडच्या एका कोपऱ्यातल्या खेड्यात इतकी भारतीय नावं एकत्र वाचायला मिळतील असं कुणालाही वाटणार नाही.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं १८२ क्रमांकाचं विमान, बोइंग ७४७ ‘सम्राट कनिष्क’, या किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटरवर, ३१,००० फुटांवर असताना रडारवरून नाहीसं झालं. माँट्रियलहून लंडन, तिथून दिल्ली आणि शेवटी मुंबई असा त्याचा मार्ग होता. विमानातले ३२९ जण मरण पावले. त्यात ८० हून अधिक लहान मुलं होती. शाळांना सुट्टी लागली होती आणि बरीच कुटुंबं आजी-आजोबांना भेटायला निघाली होती. आपल्यासारखीच.

ही कहाणी तुम्ही आधी ऐकली असेल. दहशतवाद, राजकारण, कॅनडाची माफी हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. मला आज तिच्याकडे वेगळ्या बाजूनं पाहायचं आहे. एका गुन्ह्याचा पुरावा आयर्लंड, भारत, ब्रिटन, जपान आणि कॅनडा अशा पाच देशांतल्या वेगवेगळ्या यंत्रणांच्या हातांतून गेला. काही ठिकाणी तो सुखरूप पोहोचला, काही ठिकाणी हरवला. नळाचं पाणी गळतं ते बहुतेक वेळा दोन पाइप जोडले जातात तिथे, मधल्या नळीतून नाही. फौजदारी न्यायव्यवस्थेचंही तसंच असतं, असं मला या प्रकरणात दिसतं.

क्षण एक, घड्याळं अनेक

सुरुवात वेळेपासून करू. विमान नाहीसं झालं तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार सकाळचे ७ वाजून १४ मिनिटं झाली होती. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेनुसार ८.१४. मुंबईत दुपारचे १२.४४, टोकियोत ४.१४, माँट्रियलमध्ये पहाटेचे ३.१४, आणि व्हँकुव्हरमध्ये मध्यरात्र उलटून जेमतेम पाव तास. अहाकिस्ता साधारण साडेनऊ अंश पश्चिम रेखांशावर असल्यामुळे तिथल्या सूर्याच्या हिशेबानं तेव्हा ६ वाजून ३५ मिनिटंच होत होती.

वेळेचं हे गणित महत्त्वाचं ठरलं, कारण त्याच दिवशी प्रमाणवेळेनुसार ६.१९ ला, म्हणजे ५५ मिनिटं आधी, टोकियोच्या नारिता विमानतळावर सामान हलवताना एका बॅगेचा स्फोट झाला होता आणि दोन कामगार मारले गेले होते. ती बॅगही व्हँकुव्हरहूनच आली होती आणि एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढणार होती. वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एका घड्याळावर आणल्याशिवाय या दोन घटना शेजारी ठेवता येत नाहीत. संस्थांमधल्या सहकार्याची पहिली पायरी इतकी साधी असते.

प्रत्येकाचा प्रश्न वेगळा

आपण बोलताना ‘तपास’ असा एकच शब्द वापरतो, पण अशा प्रकरणात निदान सहा यंत्रणा काम करतात, आणि प्रत्येकीला कायद्यानं वेगळा प्रश्न नेमून दिलेला असतो.

- कॉरोनर विचारतो: मेलेली व्यक्ती कोण, आणि ती केव्हा, कुठे, कशानं मेली? दोष कुणाचा, हे ठरवायला आयर्लंडच्या १९६२ च्या कॉरोनर कायद्यानं त्याला मनाई आहे.
- विमान अपघाताचा तपास करणारा विचारतो: विमान का पडलं, आणि पुढचं पडू नये म्हणून काय करावं? आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोष ठरवणं हे त्याचंही काम नाही.
- पोलीस विचारतात: हे कुणी केलं?
- गुप्तवार्ता यंत्रणा विचारते: पुढे काय होणार आहे?
- सरकारी वकील विचारतात: यातलं न्यायालयात काय सिद्ध करता येईल?
- न्यायालय विचारतं: रास्त शंकेला जागा उरली आहे का?

ही विभागणी मुद्दाम केलेली आहे. पायलटला तुरुंगाची भीती वाटली तर तो खरं सांगणार नाही, आणि मग पुढचं विमान वाचणार नाही. म्हणून अपघाताचा तपास आणि गुन्ह्याचा तपास वेगळे ठेवतात. तसंच गुन्हा शोधणाऱ्यानंच खटला चालवायचा की नाही हे ठरवू नये, म्हणून आयर्लंडमध्ये १९७४ च्या कायद्यानं खटल्यांचा निर्णय स्वतंत्र संचालकांकडे दिला. भिंती हव्यातच. मात्र पुराव्याला त्या भिंतींमधून जायला दार ठेवावं लागतं.

कॉर्क: देहापासून नावापर्यंत

त्या रविवारी सकाळी ‘लॉरेन्शियन फॉरेस्ट’ नावाचं मालवाहू जहाज जवळून चाललं होतं. अवशेष आणि मृतदेह त्याला आधी दिसले. मग आयरिश नौदलाचं ‘एश्लिंग’ आलं, ब्रिटिश हेलिकॉप्टरं आली, व्हॅलेन्शिया बेटावरची जीवरक्षक बोट आली. १३१ मृतदेह पाण्यातून निघाले आणि कॉर्कच्या विल्टन भागातल्या प्रादेशिक रुग्णालयात आणले गेले. आज त्यालाच कॉर्क विद्यापीठ रुग्णालय म्हणतात. इथल्या आपल्या मंडळींपैकी कितीतरी जण तिथे नोकरीला आहेत.

विमान भारताचं, प्रवासी बहुसंख्य कॅनडाचे, घटना कुणाच्याच हद्दीत नसलेल्या समुद्रावर. मग चौकशी कुणी करायची? आयरिश कायद्याचं उत्तर सोपं होतं: मृतदेह ज्या कॉरोनरच्या जिल्ह्यात आहे, त्यानं. देह कॉर्कला आले, म्हणून कॉर्कचे कॉरोनर कॉर्नेलियस रिऑर्डन यांच्यावर ही जबाबदारी आली. सप्टेंबर १९८५ मध्ये त्यांनी शहरात जाहीर चौकशी चालवली.

तुमच्यापैकी जुन्या मुंबईकरांना कॉरोनर हा शब्द ओळखीचा असेल. मुंबईतही कॉरोनरचं न्यायालय होतं. ते १९९९ मध्ये बंद झालं. महाराष्ट्रात इतरत्र हे काम आधीपासून पोलिसांकडे आहे. संशयास्पद मृत्यू झाला की पंचांसमोर पंचनामा होतो.

ओळख पटवण्याचं काम किती अवघड होतं, याची आज कल्पना करणं कठीण आहे. डीएनएवरून व्यक्ती ओळखता येते, हे लेस्टरमध्ये ॲलेक जेफ्रीज यांच्या लक्षात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हाताशी होते ते बोटांचे ठसे, दातांच्या नोंदी, एक्स-रे, जुन्या शस्त्रक्रियांचे व्रण, दागिने, कपडे. अशा कामात दोन याद्या बनतात. एकीत मृतदेहावरून मिळालेली माहिती असते, दुसरीत नातेवाइकांनी सांगितलेली. या दोन याद्या वेगवेगळी माणसं भरतात, आणि तुलना तिसरंच कुणी करतं. इंटरपोलनं नेमकी हीच पद्धत १९८४ मध्ये आपल्या मार्गदर्शिकेत घालून दिली होती. त्यात मृतदेहाचा अर्ज गुलाबी आणि नातेवाइकांचा पिवळा असतो. रंग वेगळे एवढ्यासाठी, की गर्दीत आणि घाईत कागदांची अदलाबदल होऊ नये.

आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना हे चटकन पटतं. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये लेबल नसलेली नळी सापडली, तर ती कितीही मौल्यवान असली तरी टाकून द्यावी लागते. नमुना कुणी घेतला, कुणाला दिला, केव्हा दिला याची अखंड नोंद म्हणजे ताब्याची साखळी. एक कडी तुटली की नमुना तोच असूनही त्याचं पुरावा म्हणून मोल जातं.

नातेवाईक कॉर्कला पोहोचू लागले तेव्हा रुग्णालयातले कर्मचारी, गार्डा म्हणजे इथले पोलीस, आणि शहरातले लोक त्यांच्यासोबत राहिले, अनेकांनी घरं उघडली. ही माणुसकीची गोष्ट म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ती आहेच. पण तपासाच्या दृष्टीनंही तिला किंमत आहे. आपल्या मुलीच्या दाताची किंवा गळ्यातल्या साखळीची खूण दुःखातला बाप त्यालाच सांगतो, ज्याच्यावर त्याचा विश्वास बसलेला असतो.

देह काय सांगत होते

शवविच्छेदनातून मिळालेल्या माहितीचा ब्रिटिश हवाई दलाचे वैद्यकीय तज्ज्ञ इयन हिल यांनी अभ्यास केला. आठ देहांवर हातपाय वाऱ्यात झोडपले गेल्याच्या जखमा होत्या. माणूस विमानाबाहेर उंचावर फेकला गेला तरच अशा जखमा होतात. २६ जणांमध्ये प्राणवायू कमी पडल्याच्या खुणा होत्या, २५ जणांमध्ये हवेचा दाब एकाएकी उतरल्याच्या. याचा अर्थ, विमान पाण्यावर आदळून नव्हे, आकाशातच फुटलं होतं.

बाँबचा मात्र थेट पुरावा देहांवर नव्हता. म्हणजे बाँब नव्हता का? इथे नमुन्याचा प्रश्न येतो. सापडलेले १३१ देह म्हणजे एकूण प्रवाशांपैकी सुमारे ४० टक्के, आणि ते कुणी चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. स्फोटाच्या सगळ्यात जवळ असलेले कदाचित सापडलेच नसतील. ‘पुरावा मिळाला नाही’ आणि ‘घडलं नाही’ यांतला फरक आपण विज्ञानात रोज घोकतो. न्यायव्यवस्थेत तो विसरला तर निरपराध अडकतो किंवा अपराधी सुटतो.

समुद्रतळापासून मुंबईपर्यंत

पुढची कडी पाण्याखाली होती. अवशेष जवळजवळ दोन किलोमीटर खोल गेले होते. त्यावेळी इतक्या खोलीवरून विमानाचे ब्लॅक बॉक्स काढणं फार मोठं काम होतं. फ्रेंच केबल-जहाज ‘लेऑं तेवनँ’ आणि ‘स्कॅरब’ नावाचा पाण्याखालचा यंत्रमानव यांच्या मदतीनं ९ जुलैला कॉकपिटमधला आवाज टिपणारा आणि १० जुलैला उड्डाणाची आकडेवारी टिपणारा बॉक्स वर आला.

खुल्या समुद्रात पडलेल्या विमानाचा तपास नियमानुसार ते ज्या देशात नोंदलेलं असतं त्या देशाचा. म्हणून भारत सरकारनं न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांची चौकशी नेमली, आणि बॉक्स मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रात आले. अणुशास्त्रज्ञांकडे का? कारण अतिशय क्षणिक संकेतांचं बारकाईनं विश्लेषण करणारी माणसं आणि उपकरणं तिथे होती.

दोन्ही बॉक्स एकाच क्षणी बंद पडले होते. आवाजाच्या टेपवर शेवटी एक धडाका होता, त्यानंतर सेकंदाहूनही कमी वेळाचा आवाज, मग काहीच नाही. अशा तुकड्यातून शास्त्रज्ञ काय काढतात? एक म्हणजे वारंवारता: आवाजात कोणते सूर किती जोरात आहेत. स्फोट, तुटणारं धातूचं कवच आणि बाहेर धावणारी हवा यांची घडण वेगवेगळी असते. दुसरं म्हणजे वेळ: ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर जातो, हवेतून जेमतेम एक तृतीयांश किलोमीटर. म्हणून एकच धडाका मायक्रोफोनपर्यंत दोनदा पोहोचू शकतो, आणि मधल्या अंतरावरून स्फोट किती लांब झाला याचा अंदाज बांधता येतो.

भाभा केंद्रातल्या तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला की पुढच्या सामानकक्षात स्फोट झाला. ब्रिटनच्या फार्नबरोमधल्या अपघात-तपास तज्ज्ञांना तीच टेप ऐकून तसं म्हणता आलं नाही. बाँबच्या स्फोटात असायला हवा असा अगदी कमी वारंवारतेचा भाग त्यांना दिसला नाही. किरपाल आयोगानं १९८६ च्या फेब्रुवारीत देह, अवशेष, टेप असा सगळा पुरावा एकत्र ठेवून बाँबचाच निर्णय दिला. कॅनडाचं विमान-सुरक्षा मंडळही त्याच मताला आलं. बाँब नेमका कुठल्या कक्षात होता, यावर मतभेद पुढेही राहिले.

दोन देशांच्या तज्ज्ञांत असा मतभेद असणं मला व्यवस्थेचं अपयश वाटत नाही. तज्ज्ञांना भांडता आलं, कारण टेप शाबूत होती. ती ज्याला हवी त्याला पुन्हा ऐकता येत होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ज्या टेपांविषयी बोलणार आहोत त्या शाबूत राहिल्या नाहीत.

नारिताचे तुकडे

कनिष्कचा बाँब समुद्रात गेला. नारिताचा जमिनीवर फुटला. जपानी पोलिसांनी सामानाच्या त्या खोलीतला कचरा अक्षरशः गाळून घेतला आणि तुकड्यांवरून वस्तू ओळखल्या. त्यांत सान्यो कंपनीचा एक स्टिरिओ ट्यूनर होता, आणि त्याचं मॉडेल ठरवता आलं. तेच मॉडेल ब्रिटिश कोलंबियातल्या डंकन गावी राहणाऱ्या इंदरजितसिंग रेयातनं तिथल्या दुकानातून विकत घेतल्याचं कॅनडाच्या पोलिसांना सापडलं. पुढे तो ब्रिटनमध्ये पकडला गेला, कॅनडाच्या हवाली झाला, आणि १९९१ मध्ये नारिताच्या मृत्यूंबद्दल दोषी ठरला.

तीन देशांतून पुरावा गेला, तरी साखळी तुटली नाही. अंतर किंवा भाषा ही मोठी अडचण नव्हती, एवढं यावरून कळतं.

आणि मग कॅनडा

आता थोडं मागे, घटनेच्या आधी जाऊ. १ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या मुंबई कार्यालयातून एक टेलेक्स निघाला: विमानात वेळ लावलेले बाँब ठेवले जाण्याची शक्यता आहे, काळजी घ्या. तो टोरांटोच्या विमानतळावरच्या आरसीएमपी, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांच्या हाती पडला. धोक्याचं मूल्यमापन करण्याचं काम मात्र गुप्तवार्ता यंत्रणा सीसिसचं होतं. पोलिसांनी सीसिसकडून मूल्यमापन मागवलं, पण टेलेक्स दिला नाही. ठोस धोका माहीत नाही, असं सीसिसनं कळवलं. दोघांचंही आपापल्या परीनं बरोबर होतं.

४ जूनला सीसिसची माणसं तलविंदरसिंग परमार आणि रेयात यांच्या मागावर डंकनजवळच्या रानात गेली. त्यांनी मोठा धमाका ऐकला आणि बंदुकीचा बार समजून सोडून दिला. २२ जूनला व्हँकुव्हरमध्ये एका माणसानं आपलं तिकीट पक्कं नसतानाही बॅग पुढे एअर इंडियापर्यंत पाठवायचा हट्ट धरला. बॅग गेली, तो स्वतः विमानात चढलाच नाही. टोरांटोत सामान तपासणारं एक्स-रे यंत्र बंद पडलं, मग हातातलं वास घेणारं यंत्र वापरलं. हे यंत्र भरवशाचं नाही हे आधीच्या चाचणीत दिसून आलं होतं. माँट्रियलला स्फोटकं हुंगणारा कुत्रा पोहोचला तोवर विमान उडालं होतं.

यातली एकेक चूक लहान आहे. प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी हातात एक तुकडा होता, आणि शेजारच्या हातात दुसरा.

पुसलेल्या टेपा

सगळ्यात मोठी गळती मात्र घटनेनंतरची आहे. सीसिस मार्च १९८५ पासून परमारचा फोन ऐकत होतं. संभाषणं पंजाबीत. व्हँकुव्हरमध्ये पंजाबी जाणणारा भाषांतरकार नसल्यानं सुरुवातीला टेपा ओटावाला पाठवाव्या लागत, आणि तिथे ढीग साचे. ऐकून झालं की इंग्रजीत टिपण लिहायचं आणि टेप पुसून पुन्हा वापरायची, ही रीत. त्या महिन्यांतल्या २१० टेपांपैकी १५६ पुसल्या गेल्या. विमान पडल्यानंतरही पुसणं चालूच राहिलं.

हे कुणी कट म्हणून केलं असं मानायची गरज नाही. थोडा इतिहास पाहू. १९७० च्या दशकात आरसीएमपीच्या सुरक्षा शाखेनं बेकायदा उद्योग केले, त्यावर चौकशी आयोग बसला, आणि १९८४ मध्ये गुप्तवार्तेचं काम पोलिसांकडून काढून सीसिस ही नवी नागरी संस्था उभारली. नागरिकांवर पाळत ठेवायची तर फक्त नितांत आवश्यक तेवढीच माहिती ठेवायची, असा कायदाच केला. उद्देश चांगला होता. आज आपण खासगीपणाबद्दल बोलतो तेव्हा असाच कायदा मागतो. पण त्यातून सीसिसमध्ये समज रुजली, की आपण पुरावा गोळा करत नाही, माहिती गोळा करतो. माहिती कळली, टिपण झालं, मग टेप कशाला ठेवायची?

टिपणात काय हरवतं, हे परदेशात दोन भाषांत जगणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको. २० जूनच्या एका फोनमध्ये परमार विचारतो, त्या माणसानं गोष्ट लिहिली का. नाही असं कळल्यावर सांगतो, आधी ते काम करा. त्याच दिवशी विमानाची तिकिटं घेतली गेली. ‘गोष्ट लिहिणं’ म्हणजे तिकीट काढणं होतं का? आवाजातला चढउतार, शब्दावरचा जोर, मूळ पंजाबी शब्द, यातलं काही आज तपासता येत नाही. उरलं आहे ते कुणीतरी केलेलं इंग्रजी टिपण. फार्नबरो आणि भाभा केंद्रातल्या लोकांना जी सोय होती, मूळ टेप पुन्हा ऐकण्याची, ती इथे कुणालाच मिळाली नाही.

परमार १९९२ मध्ये पंजाबात मारला गेला. २००३ मध्ये रेयातनं कनिष्कबाबत सदोष मनुष्यवधाची कबुली दिली आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. उरलेल्या दोन आरोपींचा खटला व्हँकुव्हरमध्ये चालला आणि १६ मार्च २००५ रोजी न्यायमूर्ती इयन जोसेफसन यांनी दोघांनाही निर्दोष सोडलं. साक्षीदार विश्वासार्ह वाटले नाहीत, आणि रास्त शंका उरली. टेपा पुसणं ही खपवून घेण्याजोगी हलगर्जी नव्हे, असंही त्यांनी नोंदवलं. त्या खटल्यात खोटी साक्ष दिल्याबद्दल रेयातला २०११ मध्ये आणखी नऊ वर्षांची शिक्षा झाली. ३२९ मृत्यूंसाठी आजवर दोषी ठरलेला तो एकटाच.

न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुरावा वाटेत गळाला असेल तर शेवटच्या टोकाला बसलेल्या न्यायाधीशानं तो कल्पनेनं भरून काढू नये, यासाठीच आपण रास्त शंकेचा नियम ठेवला आहे. त्या नियमाची किंमत या वेळी पीडितांच्या कुटुंबांनी मोजली.

माजी न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाचा अहवाल जून २०१० मध्ये आला. एकामागून एक घडलेल्या चुकांची मालिका त्यात उलगडली, आणि २३ जून २०१० रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी कुटुंबांची जाहीर माफी मागितली. त्याआधी २००८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं एका वेगळ्याच प्रकरणात सीसिसला बजावलं होतं की मूळ टिपणं नष्ट करता येणार नाहीत. दार बसवलं गेलं, २३ वर्षांनी.

मुंबईतली एक टेप

याच्या शेजारी २६ नोव्हेंबर २००८ ठेवा. मुंबईत हल्ला चालू असताना दहशतवादविरोधी पथकानं हल्लेखोरांचे पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी चाललेले फोन ऐकले आणि रेकॉर्ड केले. तेव्हा गरज होती ती पुढच्या क्षणाला काय होणार हे कळण्याची, म्हणजे निव्वळ गुप्तवार्तेची. पण टेपा जपल्या गेल्या. इंटरनेटवरून केलेल्या त्या फोनचा माग अमेरिकेतल्या कंपनीपर्यंत गेला, आणि तिथल्या एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्या संभाषणांचे लांबलचक उतारे आहेत. त्या हल्ल्याआधीच्या सूचनांचं काय झालं, हा वेगळा आणि कटू प्रश्न आहे. पण हातात आलेला आवाज न्यायालयापर्यंत पोहोचला, हे खरं.

मग आपण काय घ्यायचं?

सगळ्या संस्था एकत्र करा, म्हणजे भिंतीच नकोत, असा सोपा उपाय सुचतो. आयर्लंडमध्ये एका अर्थी तसंच आहे: पोलिसी काम आणि देशांतर्गत सुरक्षेची गुप्तवार्ता दोन्ही गार्डांकडेच आहेत. पण भिंती पाडल्या की कॅनडानं १९७० च्या दशकात पाहिलं तेही होऊ शकतं. माझ्या मते प्रश्न भिंतींचा कमी आणि देण्याघेण्याच्या शिस्तीचा जास्त आहे. मूळ वस्तू जपायची, तिची नोंद ठेवायची, आणि आपल्याला निरुपयोगी वाटणारा तुकडा शेजारच्याला हवा असेल का हे टाकण्याआधी विचारायचं.

आज आयर्लंडमध्ये राष्ट्रीय डीएनए संग्रह आहे. २०१४ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या या संग्रहात बेपत्ता आणि अनोळखी मृतांसाठीही वेगळी सोय आहे. भारतात २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं अपेक्षित आहे. यंत्रं आणि कायदे सुधारले आहेत. पण त्यांच्या मधली देवघेव माणसांनीच करायची असते, आणि त्यात आपणही येतो. इथलं नागरिकत्व घेतलेल्या आणि मतदार यादीत नाव असलेल्या आपल्यापैकी कुणालाही उद्या ज्युरीचं पत्र येऊ शकतं. आलं, तर साक्षीदाराचं बोलणं ऐकताना एक प्रश्न मनात जरूर ठेवा: ही वस्तू इथवर कुणाकुणाच्या हातून आली?

दरवर्षी २३ जूनला सकाळी अहाकिस्ताला कुटुंबं जमतात. मुलं गमावलेले आईबाप आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत, काही वाटेतच संपले. गावातली माणसंही येतात. त्यांतल्या म्हाताऱ्यांना १९८५ चा तो रविवार आठवतो. ८ वाजून १३ मिनिटांच्या सुमारास सगळे शांत उभे राहतात. १९८ जणांचे देह समुद्रानं परत दिले नाहीत, त्यांच्यासाठी ती नावं कोरलेली जागाच शेवटची आहे. तुम्ही गेलात तर थोडं थांबून नावं मोठ्यानं वाचा. आपल्याला ती नीट उच्चारता येतात.